प्लॉट विकून ‘ट्रायल’चे पैसे भरावेत का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. आठ माग, टॉवेलचा धंदा, महिन्याला घरात साधारण ४५ हजार येतात. मुलगा दहावीत. पत्नीला २०२१ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका दीर्घ आजाराचं, निदान झालं. दर सहा महिन्यांनी रिटक्सिमॅब या औषधाचं सलाईन चालू आहे, गेल्या दोन वर्षांत नवा झटका (आजार अचानक उसळणं) नाही, पण डावा पाय जड पडतो आणि शिलाईला फार वेळ बसवत नाही. आता दुसऱ्या शहरातल्या एका क्लिनिकने ‘स्टेम सेलची ट्रायल’ म्हणून, अॅडमिट न होता, सहा इंजेक्शनांचे १४ लाख सांगितले आहेत. २०१२ मध्ये ६ लाखांना घेतलेला होटगी रोडचा प्लॉट २४ लाखांना जातोय, गिऱ्हाईक विसार घेऊन दारात उभं आहे. ते विचारतात, “नवं औषध येणार म्हणून मोबाईलवर रोज वाचतो. त्याची वाट बघू, की हे आत्ताच करून टाकू?”

नमस्कार. आधी उत्तर देतो, मग कारणं. या कामासाठी प्लॉट विकू नका आणि विसार हातात घेऊ नका.

तुमच्या पत्रात ‘ट्रायल’ आणि ‘१४ लाख’ हे दोन शब्द एकाच ओळीत आले, तिथेच मी थांबलो. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये औषधाचा खर्च ट्रायल करणारा उचलतो, पेशंट नाही. आपल्याकडे २०१९ पासून नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम लागू आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई त्यात लिहिलेली आहे. संमतीपत्र लेखी लागतं आणि पेशंटला कधीही बाहेर पडता येतं. एथिक्स कमिटीची मंजुरी नसेल तर सुरुवातच करता येत नाही. म्हणून क्लिनिकला एवढंच विचारा: ट्रायल असेल तर आम्ही पैसे का भरायचे? आणि उपचार असेल तर त्याला ट्रायल का म्हणता?

त्यांनी पत्रकावर सीटीआरआयचा नंबर छापला आहे असं तुम्ही लिहिता. ही भारताची क्लिनिकल ट्रायलची नोंदवही, २००७ मध्ये सुरू झाली, कोणालाही फुकट बघता येते. तो नंबर टाकून बघा. आजार कोणता लिहिलाय, प्रायोजक कोण, कोणत्या शहरात पेशंट घेतात, भरती चालू आहे की संपली, सगळं तिथे असतं. आणि नोंद आहे म्हणजे उपचार लागू पडतो असं नाही. नोंद म्हणजे फक्त नोंद.

मी डॉक्टर नाही, पण पैसे कशावर लावायचे हे सांगणाऱ्याला थोडं वाचावं लागतं. ‘स्टेम सेल’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक खरी, पण जड: पेशंटच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून, केमो देऊन, त्या परत सोडायच्या. २०१९ मध्ये ११० पेशंटवरच्या एका ट्रायलचे निकाल आले. असं प्रत्यारोपण केलेल्यांत तिघांचा आजार वाढला, नेहमीच्या औषधांवर ठेवलेल्यांत ३४ जणांचा. पण हे मोठ्या हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण विभागात होतं, जोखीम मोठी असते आणि औषधं चालू असूनही वारंवार झटके येणाऱ्यांसाठी त्याचा विचार होतो. दुसरी गोष्ट मेसेनकायमल नावाच्या वेगळ्या मूळपेशींच्या इंजेक्शनांची. त्यावर नऊ देशांत १४४ पेशंट घेऊन ट्रायल झाली, २०२१ मध्ये निकाल आला आणि एमआरआयवरच्या नव्या सुजेत फरक दिसला नाही. अॅडमिट न होता सहा इंजेक्शनं हे वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी जुळतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असल्या पेशी मंजूर ट्रायलबाहेर उपचार म्हणून देता येत नाहीत. आरोग्य विम्यातही स्टेम सेलचं कव्हर रक्ताच्या आजारांसाठीच्या बोन मॅरो प्रत्यारोपणापुरतं असतं, म्हणजे १४ लाखांतला रुपयाही परत मिळणार नाही.

२००९ नंतर मानेच्या शिरा फुगवून हा आजार बरा होतो अशी लाट आली होती. कॅनडातले शेकडो पेशंट स्वतःच्या खर्चाने परदेशात जाऊन ते करून आले. २०१७ मध्ये कॅनडाच्याच ट्रायलचा निकाल आला: फायदा नाही. त्या घरांचे पैसे तोवर गेले होते. तुमचं पत्र वाचताना मला सारखी तीच घरं आठवत होती.

आता वाट बघण्याचं. बातम्या वाचा, पण घराचा हिशेब ट्रायलच्या तारखांना बांधू नका. टोलेब्रुटिनिब या नव्या गोळीचं बघा. २०२४ मध्ये, झटके येत नाहीत पण अपंगत्व वाढतंय अशा पेशंटमध्ये, त्याने वाढीचा धोका ३१ टक्क्यांनी कमी केला. झटके येणाऱ्या प्रकारातल्या दोन ट्रायलमध्ये मात्र जुन्या गोळीपेक्षा झटके कमी झाले नाहीत. यकृताला इजा होण्याची काळजी होतीच, आणि डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी नाकारली. त्याच जातीचं इव्होब्रुटिनिब दुसऱ्या टप्प्यात चांगलं दिसलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्यात पडलं. म्हणून रोज मोबाईल उघडू नका. तीन महिन्यांतून एक संध्याकाळ द्या. तिसऱ्या टप्प्याचे निकाल तेवढे बघा, आणि आधी हे बघा की त्या ट्रायलमधले पेशंट वहिनींच्या प्रकारातले आहेत का. जुळलं तर कागद न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. रिटक्सिमॅब मात्र कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. स्वीडनमधल्या ट्रायलमध्ये दोन वर्षांत रिटक्सिमॅबवरच्या ३ टक्के पेशंटना झटका आला, दुसऱ्या नेहमीच्या गोळीवरच्या १६ टक्के पेशंटना. तुमच्या घरात आत्ता काम करणारं औषध हेच आहे.

त्याचा हिशेब तुमच्याच आकड्यांनी करू. एका सलाईनला तपासण्यांसकट ४५ हजार, वर्षाला दोन, एमआरआयचे ९ हजार. म्हणजे ९९ हजार. १४ लाख म्हणजे या चालू उपचाराची १४ वर्षं. मी हे वाक्य लिहून पुन्हा मोजून बघितलं.

प्लॉट विकलात तर १८ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी सव्वादोन लाख कर आणि वर सेस. इंडेक्सेशनचा, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याचा, पर्याय घेतला तर कर थोडा जास्तच निघतो. पुढे झटका आला, मागावर कामगार ठेवावा लागला, वहिनींची शिलाई पूर्ण थांबली, तर तो प्लॉट तेव्हा लागेल. या आजारात औषधाइतकाच बुडालेल्या कमाईचा खर्च असतो आणि तो कोणी लिहून ठेवत नाही. तुमच्या ५ लाखांच्या एफडीतले २ लाख वेगळ्या खात्यात काढा, त्याला फक्त वहिनींच्या उपचारासाठी हात लावायचा. सुताचं पेमेंट अडलं तरी नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की २०१७ च्या पॉलिसीत वहिनींच्या नावावर १० लाखांचं गंभीर आजाराचं कव्हर आहे आणि ‘कॅन्सर, हार्टचं असेल’ म्हणून कधी उघडून बघितलं नाही. सगळ्या पत्रातली मोठी रक्कम हीच आहे. गंभीर आजारांच्या ठरलेल्या व्याख्यांत ‘कायम लक्षणांसह मल्टिपल स्क्लेरोसिस’ हा आजार आहे. एमआरआयने पक्कं निदान लागतं आणि हातपाय किंवा संवेदनेतला दोष सलग सहा महिने टिकलेला असावा लागतो. वहिनींचा पाय त्याहून किती जास्त दिवस जड आहे ते तुम्हीच लिहिलंय. यादीत हा आजार आहे का ते बघा, पायाच्या तक्रारीच्या तारखा डॉक्टरांकडून लेखी घ्या, उशिराचं कारण अर्जात प्रामाणिकपणे लिहा आणि दावा टाका. कंपनीने नाकारला तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही.

आणखी एका यादीत हा आजार आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव घेतलेलं आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी करून यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज करून ठेवा.

गिऱ्हाइकाला आज फोन करून नाही म्हणून सांगा. मग कपाटातून ती पॉलिसी काढा आणि २०२१ चा पहिला एमआरआय रिपोर्ट तिच्यासोबत एकाच फायलीत लावा.