आइल ऑफ मॅन टीटीसारख्या जीवघेण्या मोटरसायकल शर्यतींवर बंदी घालावी का?

माझं उत्तर: नाही. पण ते देताना जीव जड होतो.

टीटी म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी, ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावरची शर्यत. तिच्या १९११ पासून वापरात असलेल्या माउंटन कोर्स या मार्गावर आजवर २५० हून अधिक स्पर्धकांचा जीव गेला. २०२२ च्या एकाच टीटीत सहा जण. ६०.७ किलोमीटरचा हा मार्ग म्हणजे एरवीचा रहदारीचा रस्ता. ब्रे हिलच्या उतारावर दोन्ही बाजूंना घरं, दगडी कुंपणं, दिव्यांचे खांब. खांबाला गादी बांधली तरी ताशी २५० किलोमीटरच्या वेगात ती कितीशी पुरणार? शर्यतीसाठीच बांधलेल्या सर्किटवर घसरलेल्या गाडीला थांबायला मोकळी जागा मिळते, इथे समोर थेट भिंत.

तरीही बंदी नको, कारण इथे कुणावर सक्ती नाही. १९७२ मध्ये इटालियन स्पर्धक जिल्बर्तो पार्लोत्तीचा इथे जीव गेल्यावर त्याचाच देशबांधव, जगज्जेता आगोस्तिनीने इथे पुन्हा उतरायला नकार दिला, आणि १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदातून ही शर्यत वगळली गेली. गुणांसाठी नाइलाजाने यावं लागणं तेव्हाच संपलं. आता जो येतो तो सगळं जाणून येतो.

प्रेक्षकांचं मात्र तसं नाही. २००७ मध्ये एका स्पर्धकासोबत दोन प्रेक्षकही मेले. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कुणालाही उभं राहू देऊ नये, आणि तिथे मार्गावर सुरक्षेसाठी उभ्या असलेल्या स्वयंसेवक मार्शलला पक्का आडोसा हवाच. यात तडजोड मला अजिबात मान्य नाही. स्पर्धकाने स्वतःच्या जिवाची जोखीम घ्यावी, पण कुंपणाशी लेकराला घेऊन उभ्या असलेल्या बापाने ती पत्करलेली नसते.