अनोळखी माणसाशी बोलायचंय, पण सुरुवात कशी करू?

दिवस वाईट गेला की कुणाशी तरी दोन शब्द बोलावंसं वाटतं, पण जीभ रेटत नाही, असं तुम्ही म्हणता. सुरुवातीला बहुतेकांचं तसंच होतं. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागोच्या काही रेल्वे प्रवाशांना शेजारच्याशी बोलायला सांगितलं होतं. गप्प बसलेल्यांपेक्षा त्यांचाच प्रवास जास्त छान झाला. लोकांचा अंदाज मात्र नेमका उलटा होता!

आत्ता एवढंच सांभाळा:

- दोघांनाही दिसतंय त्यावर बोला. लांबलेली रांग, अचानक आलेला पाऊस, त्यांच्या कुत्र्याचं नाव. चमकदार वाक्य शोधत बसलात तर तोवर माणूस निघून जाईल.
- कानात इयरफोन किंवा नुसतं 'हं' आलं, तर थांबा. मनाला लावून घेऊ नका, त्यांचाही दिवस तुमच्यासारखाच गेला असेल.

नवखे हमखास चुकतात ते इथे: पहिल्याच मिनिटाला स्वतःचं रडगाणं सुरू करतात. समोरचा बिचारा अवघडतो. आधी त्यांना बोलू द्या, तुमचं मन आपोआप हलकं होतं.

आणि घरी जाऊन 'मी असं का बोललो?' म्हणून कीस पाडू नका. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण समोरच्याला जास्त आवडलेले असतो, हे २०१८ च्या एका संशोधनात दिसलंय.

लांबलचक गप्पा, ओळख वाढवणं वगैरे नंतर बघू. पहिला प्रयोग लिफ्टमध्ये करा; मजला आला की सुटका ठरलेलीच.