वर्गात मुलांचा शब्दसंग्रह वाढवायला कुठलं ऑनलाइन टूल वापरावं?

एकच घ्यायचं असेल तर फ्लॅशकार्डवालं (कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ) घ्या, म्हणजे क्विझलेट किंवा अँकी; कहूटसारखे प्रश्नोत्तरांचे गेम फक्त अधूनमधून उजळणीला ठेवा. कारण असं की नुसतं परत परत वाचून शब्द टिकत नाही, डोक्यातून बाहेर काढायला लावला की टिकतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा, त्यात उतारे होते, सुटे शब्द नव्हते, पण पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे आणि आठवड्यानंतर विचारलं तर स्वतः आठवून लिहिणारे पुढे. अँकी त्यात अजून एक करतं, चुकलेला शब्द लवकर परत आणतं, येणारा लांब ढकलतं (आयफोनवर पैसे पडतात, कॉम्प्युटरवर फुकट आहे). कहूटमध्ये साधारण लवकर उत्तर दिलं की जास्त पॉइंट, त्यामुळे मुलं विचार न करता ठोकून देतात.

फक्त एक, कार्डावर नुसता शब्द-अर्थ टाकलात तर मुलांना अर्थ येईल पण वापरता येणार नाही, म्हणून कार्ड वाक्यासकट करा आणि शक्यतो ते वाक्य मुलांनाच बनवू द्या.