मुलीची समजूत मी काढणार नाही

सप्रेम नमस्कार.

चोपडा तालुक्यातून आलेले तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा असा: तुम्ही माध्यमिक शाळेत शिक्षक आहात, घरची चार एकर केळी आहे आणि धाकटी मुलगी जळगावला विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयातल्या सेमिनारसाठी तिने हिताची या जपानी कंपनीचा विषय निवडला. आशियातील निरनिराळ्या प्रदेशांत ही कंपनी ‘सोशल इनोव्हेशन’ आणि शाश्वतता या सूत्रांवर कसे काम करते, याचा तिने महिनाभर अभ्यास केला आणि मला याच क्षेत्रात जायचे आहे, असे घरी सांगितले. तोपर्यंत तुम्ही पुण्यातील एका सॉफ्टवेअर क्लासचा पहिला हप्ता भरून मोकळे झाला होता. तिने नकार दिला आणि तेव्हापासून बापलेकीचे बोलणे बंद आहे. शेवटी तुम्ही लिहिता, “समाजसेवाच करायची होती तर इंजिनिअरिंगला एवढा पैसा कशाला घातला? तुम्ही तिची समजूत काढा. तुमचे उत्तर मी तिच्यासमोर ठेवीन. हे पत्र लिहिल्याचे तिला माहीत नाही.”

मुलीच्या गुणांची मला काळजी वाटली नाही, ८.१ सीजीपीए असलेल्या मुलीची कोणी करूही नये. काळजी वाटली ती तुमच्या पत्राची. पहिल्या पानावर तीन वर्षांच्या फीचा, वसतिगृहाचा, खाणावळीचा आणि लॅपटॉपचा हिशेब रुपयांत मांडला आहे. दुसऱ्या पानावर आलेल्या दोन स्थळांचा उल्लेख आहे आणि ‘चांगल्या पॅकेजवर असलेली मुलगी’ त्यांना हवी असल्याचे लिहिले आहे. तिसऱ्या पानावर मोठ्या भावाच्या मुलाला पुण्यात मिळालेल्या नोकरीचे वर्णन आहे. मात्र सेमिनारमध्ये ती काय बोलली, हाच विषय तिने का घेतला, परीक्षकांनी तिला काय विचारले, याबद्दल चार पानांत एक ओळसुद्धा नाही. तुम्ही शिक्षक आहात. वर्गातल्या एखाद्या मुलाचे उत्तर पुस्तकापेक्षा वेगळे आले तर तुम्ही त्याला फळ्याजवळ बोलावून ‘रीत दाखव’ असेच म्हणत असाल. घरच्या मुलीला रीत न विचारताच तुम्ही तिचे उत्तर चुकीचे ठरवले, आणि ही गोष्ट मला तिच्या निवडीपेक्षा फार अधिक गंभीर वाटते.

तुमची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. केळी हे किती बेभरवशाचे पीक आहे, हे जळगाव जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. मे-जूनच्या वादळात निसवलेली बाग एका संध्याकाळी आडवी होते, सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला तर लावलेली रोपे उपटून टाकावी लागतात आणि ज्या आठवड्यात माल कापणीवर येतो, नेमका त्याच आठवड्यात भाव उतरलेला असतो. असे हंगाम पाहिलेल्या बापाला मुलीच्या हाती महिन्याच्या महिन्याला येणारा पगार असावासा वाटतो, यात गैर काहीही नाही. गैर आहे ते या भीतीची वसुली तिच्याकडून करणे. तिच्या शिक्षणावर केलेला खर्च हे तिला दिलेले कर्ज नाही आणि तिच्या नोकरीचे ठिकाण ठरवण्याचा अधिकार येणाऱ्या स्थळांना तर मुळीच नाही. माझे उत्तर तिच्यासमोर ठेवायचे असेल तर हा परिच्छेद वगळू नका.

आता ‘समाजसेवा’ या शब्दाकडे वळते, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला आहे. कंपनीने सामाजिक कामासाठी खर्च करणे आणि कंपनीचा मूळ व्यवसायच समाजाच्या गरजेभोवती उभा असणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये येते: ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात. शाळेला मिळालेले संगणक, गावाला मिळालेले पाण्याचे यंत्र हे बहुधा या पैशातून येते आणि तुमच्या डोळ्यांसमोर तेच चित्र असावे. परंतु कंपनी आपल्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून जे करते, ते या खर्चात धरता येत नाही, असे नियमच सांगतात. हिताची ज्याला सोशल इनोव्हेशन म्हणते ते या दुसऱ्या बाजूचे आहे. वीज वाहून नेणे, रेल्वे चालवणे, पैशांचे व्यवहार सुरळीत ठेवणे ही तिची विक्रीची कामे आहेत. त्यांची निविदा निघते, करार होतो, नफा-तोटा होतो आणि ती करणाऱ्या अभियंत्यांना पगार मिळतो. तुमची मुलगी झोळी घेऊन निघालेली नाही.

‘प्रदेशानुसार’ हा तिच्या सेमिनारमधील शब्दही मला महत्त्वाचा वाटतो. व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहराची पहिली मेट्रो डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, तिच्या गाड्या हिताचीने दिल्या, कारण दुचाकींनी भरलेल्या त्या शहराची निकड वाहतुकीची होती. भारतात हीच कंपनी एटीएम चालवते, कारण इथे बँकेची शाखा नसलेल्या गावातही रोकड लागते. छत्तीसगडमधील रायगढपासून तामिळनाडूतील पुगलूरपर्यंत सुमारे १,८०० किलोमीटर लांबीची, ८०० केव्हीची आणि ६,००० मेगावॅट क्षमतेची डीसी प्रवाहाची विद्युत वाहिनी आहे. तिचे तंत्रज्ञान एबीबी या युरोपीय कंपनीच्या ज्या पॉवर ग्रिड विभागाने उभे केले, तो २०२० मध्ये हिताचीकडे आला. या वाहिनीतून वीज दोन्ही दिशांनी जाऊ शकते: दक्षिणेत मागणी वाढली की मध्य भारतातील वीज खाली उतरते आणि तिकडे वारा जोरात असला की पवनचक्क्यांची जादा वीज वर येते. साक्रीच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतीलच. वारा आपल्या वेळेवर वाहत नाही आणि त्याची वीज साठवून ठेवणे महाग पडते, म्हणून ती दूरवर नेण्याची सोय लागते. हे काम विद्युत अभियांत्रिकीचे आहे. ज्या शाखेत तुम्ही मुलीला घातले, नेमक्या त्याच शाखेचे.

या कंपनीचा आणखी एक तपशील तुम्हाला मुद्दाम सांगते. जपानमधील इबाराकी प्रांतात तांब्याच्या एका खाणीला जोडून यंत्रदुरुस्तीचे छोटे दुकान होते. तिथे नामिहेई ओदाइरा या अभियंत्याने १९१० मध्ये जी पहिली वस्तू बनवली, ती पाच अश्वशक्तीची विजेची मोटर होती. खाणीतली परदेशी यंत्रे बंद पडत आणि ती दुरुस्त करता करता आपणच मोटर बनवू शकतो, हे त्याच्या लक्षात आले. पाच अश्वशक्तीची मोटर तुमच्या विहिरीवरही असेल.

विहिरीच्या मोटरीवरून दोन वर्षांपूर्वी यावल तालुक्यात पाहिलेला प्रसंग आठवतो. मे महिना होता, डीपी, म्हणजे शेतातल्या मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळून चार दिवस झाले होते आणि घड लागलेल्या बागेची पाने दुपारी कडेने करपू लागली होती. त्या डीपीवरचे शेतकरी नव्या डीपीसाठी पळापळ आणि वर्गणी दोन्ही करत होते. त्यांच्यातील एका घरचा मुलगा, तोही विद्युत अभियांत्रिकीचाच विद्यार्थी, डीपी बदलल्यानंतर विजेचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन रात्री पेटीजवळ बसला. वीज आली त्या क्षणी सगळ्यांचे ‘ऑटो’, म्हणजे वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारी स्विचे, एकदम चालू झाले. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. सगळ्या मोटरी एकाच वेळी उठल्या की तो भार डीपीवर एकदम येतो. पुढे तासभर त्याने आकडे लिहिले: ४१५ असायला हवे तिथे व्होल्टेज ३२० च्या आसपास. दाब घसरला की मोटर तेच काम करण्यासाठी जास्त प्रवाह घेते, वाइंडिंग तापते आणि आठवड्याभरात कोणाची तरी मोटर भरायला टाकावी लागते. यावरचा उपाय प्रत्येक वायरमनला माहीत आहे: मोटरीला योग्य कपॅसिटर लावायचा आणि ऑटो काढायचा. पण एकट्याने कपॅसिटर लावून डीपी वाचत नाही आणि एकट्याने ऑटो काढला तर रात्री दोनला वीज आल्यावर त्याचीच पाळी बुडते. सगळ्यांनी मिळून करायचे तर बैठक घ्यावी लागते, पाळ्या ठरवाव्या लागतात आणि त्या पाळणारा माणूस नेमावा लागतो.

सोशल इनोव्हेशनचा अर्थ मला विचाराल तर मी त्या डीपीकडे बोट दाखवीन. तिथे यंत्राचा प्रश्न आणि माणसांच्या एकोप्याचा प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक सोडून दुसरा सुटत नाही. खान्देशाला ही विद्या नवी नाही. पांझरा नदीच्या काठी आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके फड पद्धत चालवली: बंधाऱ्यातून पाट काढायचा, खालच्या जमिनीचे तीन-चार फड करायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी स्वतः न फोडता नेमलेल्या पाटकऱ्यानेच द्यायचे. पाऊस कमी झाला तर भिजणारे फड कमी केले जात आणि ती तूट सगळ्यांमध्ये वाटली जाई. पवनचक्क्यांच्या त्याच साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने जंगल राखून काय साधले, हे तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पद्मश्रीमुळे सर्वांना कळले. एका जागतिक कंपनीच्या प्रादेशिक कामाचा अभ्यास केलेल्या मुलीला या गोष्टी आपल्या प्रदेशाच्या म्हणून दाखवण्याचे काम तुम्ही करू शकला असतात, आणि अजूनही करू शकता.

मुलीलाही दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या आहेत. ‘सस्टेनेबिलिटी’ असे नाव असलेली नोकरी पदवीनंतर लगेच शोधू नकोस. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल देणे बंधनकारक केल्यापासून अशा पदांची चर्चा वाढली आहे आणि तिच्या मागोमाग आठवड्याभरात प्रमाणपत्र देणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचीही. या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नकोस. ऊर्जेचा वापर मोजता येणारा, वीजप्रणाली समजणारा माणूस तो अहवाल लिहायला शिकतो. नुसता अहवाल लिहिणारा पुढे वीजप्रणाली शिकल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. तेव्हा पॉवर सिस्टीम्स, प्रोटेक्शन आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे तीन विषय पक्के कर. दुसरे असे की कंपनीच्या शब्दांवर भाळू नकोस. हिताचीने स्वतःच्या कारखान्यांसाठी २०३० आणि कच्च्या मालापासून ग्राहकाच्या वापरापर्यंतच्या संपूर्ण मूल्यसाखळीसाठी २०५० हे कार्बन-तटस्थतेचे, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे, वर्ष ठरवले आहे. ते उद्दिष्ट कसे मोजतात, त्यात काय धरतात आणि काय सोडतात, हे वाचायला शीक. सेमिनारमध्ये तो प्रश्न तू विचारला नसशील तर आता विचार.

आणि वडिलांच्या म्हणण्यात एक भाग खरा आहे, तोही तुला मान्य करावा लागेल. प्रोग्रामिंग तुला यायलाच हवे. हिताचीनेच २०२१ मध्ये ग्लोबललॉजिक ही सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली, कारण वीज, रेल्वे, पाणी यांची यंत्रणा आता माहितीवर चालते. मात्र ते शिकायला तुझी शाखा सोडून पुण्याच्या सर्वसाधारण क्लासला जाण्याची गरज नाही. पायथॉन शिकून वीजमापनाचे आकडे तपासता येणे तुला पुरेसे आहे.

परीक्षांचे म्हणाल तर गेट, महावितरण-महापारेषणच्या भरती आणि अनुभवानंतर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा हे मार्ग तिच्या प्राध्यापकांना माहीत आहेत. ट्रान्सफॉर्मर बनवणारा हिताची एनर्जीचा कारखाना बडोद्याला आहे, नंदुरबार ओलांडले की फार दूर नाही. तिथे प्रशिक्षणासाठी अर्ज करायचा की नाही, हे तिने ठरवावे.

तुम्हाला मात्र एक काम देते. पुण्याच्या क्लासचा दुसरा हप्ता भरू नका. सुट्टीत ती घरी येईल तेव्हा तुमच्या डीपीवर किती मोटरी आहेत, कोणाकडे ऑटो आहे, कोणाचा कपॅसिटर बंद पडला आहे, हे तिच्यासोबत फिरून लिहून काढा. गावातील निम्मी तरुण मुले तुमचे विद्यार्थी असतील. तिने बोलावले तर कदाचित कोणी येणार नाही, पण गुरुजींनी बोलावले तर मारुतीच्या पारावर बैठक होईल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून तुमचा फीडर, म्हणजे गावाला येणारी वीजवाहिनी, दिवसाच्या विजेवर कधी येणार, हेही दोघांनी मिळून महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारा. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला याहून चांगला विषय मिळेल असे मला वाटत नाही. निर्णय तिचा राहील.

तुम्ही मला पत्र लिहिले, हे तिला आज संध्याकाळीच सांगा. बोलणे तिथून सुरू करा. पुढचे पत्र तिने लिहावे, आणि त्यासोबत तुमच्या डीपीवरचे दिवसाचे व रात्रीचे आठ दिवसांचे व्होल्टेजचे आकडे पाठवावेत. मी ते पाहून उत्तर देईन.