मागणी म्हणजे जमा नव्हे

प्रिय पोरी,

अंदाजपत्रकात दहा लाखांची करवसुली, रोकडवहीत चौदा लाख शिल्लक, आणि पाण्याच्या मोटारीचं वीजबिल भरायला पैसे नाहीत. सरपंच होऊन सहा महिन्यांत तुला हे कोडं पडलं, हे चांगलं झालं. पैसे कुणी खाल्ले असा संशय आधी घेऊ नकोस. बहुतेक वेळा अंदाजपत्रकच खोटं असतं.

नमुना 9, म्हणजे करमागणीची नोंदवही, उघड. समज, मागील थकबाकी 6 लाख 20 हजार, चालू मागणी 4 लाख 10 हजार. बेरीज 10 लाख 30 हजार. हाच आकडा नमुना 1 मध्ये, म्हणजे अंदाजपत्रकात, जमेला टाकला जातो. का? कारण मग खर्चाची सगळी कामं त्यात बसतात आणि मासिक सभेत भांडण होत नाही. पण मागणी म्हणजे जमा नव्हे.

मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली काढ: नमुना 10 च्या करपावत्या, त्या रोकडवहीशी ताळून, रोकडवही पासबुकाशी ताळून. ती 3 लाख 40, 3 लाख 10, 3 लाख 60 हजार निघाली, तर जमेला मधला आकडा, 3 लाख 40 हजारच, धर. त्यातून मागासवर्गीयांचे 15 टक्के, महिला-बालकल्याणाचे 10, दिव्यांगांचे 5 बाजूला काढले की उरतात 2 लाख 38 हजार. शिपायाचा पगार, दिवाबत्ती, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पाइपलाइनची गळती, सगळं यात. गटाराचा स्लॅब यात बसत नसेल तर नाही बसत!

थकबाकी चार पैसे तरी येईल ना, असं तू विचारशील. आधी ती यादी वाच. पडलेलं घर, मयताचं नाव, भाऊवाटणीनंतर दोनदा चढलेली एकच मिळकत. अशा नोंदींवर वर्षानुवर्षं आकडा फुगतो. नमुना 8, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, दुरुस्त केल्याशिवाय तो आकडा जमेत धरणं म्हणजे वाळलेल्या विहिरीवर मोटार बसवणं.

आता ते चौदा लाख. शिल्लक एकच दिसत असली तरी ती फोडून मांड: ग्रामनिधी म्हणजे पंचायतीचा स्वतःचा पैसा, पाणीपुरवठा, वित्त आयोगाचा बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा) आणि अबंधित निधी, ठेकेदारांच्या परत द्यायच्या अनामती. दिलेले पण न वटलेले धनादेश वजा कर. पंधराव्या वित्त आयोगात 2021-22 पासून 60 टक्के रक्कम बंधित होती: निम्मी पाण्याला, निम्मी स्वच्छतेला. उरलेल्या 40 टक्क्यांतूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च चालत नव्हता. अक्कलकुवा-धडगावकडच्या पेसा गावांत (आदिवासी भागाच्या पंचायत कायद्याखालच्या) 5 टक्के अबंध निधी येतो, तोही ग्रामसभेच्या ठरावानेच खर्चायचा. सगळं वेगळं काढलं की ग्रामनिधीत चाळीस हजार उरलेले दिसतील. ती तुझी खरी शिल्लक. तुझ्या हाती नाही ते जमा नाही. पुन्हा सांगतो, कारण तू पुन्हा विसरशील.

आपल्या खानदेशात आणखी एक घोळ आहे. वर्ष एप्रिलला सुरू होतं, तेव्हाच पाण्याची टंचाई, मोटार जळणं, जास्तीचं वीजबिल. वसुली मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, धावपळ करून. म्हणून ग्रामनिधीत किमान तीन महिन्यांच्या चालू खर्चाएवढी रक्कम 31 मार्चला राहिलीच पाहिजे. कापूस विकून घरात पैसा येतो तो दिवाळीनंतर. मागणीबिलं त्याआधी घरोघर पोचव आणि वसुलीला डिसेंबरातच निघ. मार्चअखेर पैसा खतं-बियाण्यांच्या उधारीत गेलेला असतो. रावेर-यावलकडे केळीच्या काढणीप्रमाणे ही वेळ बदलते, ते तुझ्या गावाचं तू ठरव.

असं अंदाजपत्रक कंजूष दिसतं, सदस्य नाराज होतात, मला हेकट म्हणतात. म्हणू देत. जमा जास्त आली तर पुरवणी अंदाजपत्रक करता येतं, एका खर्चाच्या शीर्षातून दुसऱ्यात रक्कम न्यायला नमुना 2 आहे. पण काम होऊन गेलं आणि पैसा आलाच नाही, तर पाणीपुरवठ्याच्या पैशातून ठेकेदाराला देण्याचा मोह होतो. लेखापरीक्षणात तिथेच आक्षेप निघतो आणि त्या रकमेची वसुली सही करणाऱ्यावर लागते. सही तुझी असते, ग्रामपंचायत अधिकाऱ्याबरोबर, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाबरोबर. ते बदलून जातील, तू गावातच राहशील.

महिन्याच्या सभेत नमुना 26, म्हणजे महिन्याच्या जमाखर्चाचं विवरण, वाचून घेतल्याशिवाय एकही नवीन खर्च मंजूर करू नकोस. पाणीपट्टीचा दर नंतर बोलू. आधी तीन वर्षांच्या वसुलीचे आकडे मला पाठव. पावत्यांवरून काढलेले, मागणीवरून नव्हे.