आयरिश खेड्यातला खून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वाचक गटाने या महिन्यात आयर्लंडमधील एका खेड्यात घडणारी इंग्रजी रहस्यकादंबरी वाचली. खून सुरुवातीलाच होतो. पुढची शंभरेक पाने मात्र मृताच्या घरचा चहा, पबमधल्या गप्पा आणि शेजाऱ्यांची ये-जा यांतच जातात. पोलीस बंदूक बाळगत नाहीत आणि खुनी शोधून काढते ती किराणा दुकान चालवणारी बाई. आमच्यातील काहींना हा प्रकार मिळमिळीत वाटला. याला रहस्यकथा म्हणावे का?
— एक वाचिका, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : अवश्य म्हणावे, मात्र तिच्याकडून पाठलाग आणि गोळीबाराची अपेक्षा ठेवू नये. ‘कोझी मिस्टरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात रक्तपात पडद्याआड राहतो, तपास हौशी माणूस करतो आणि संशयित एका गावात मावतील इतकेच असतात. आपल्या गटाला जी शंभर पाने पाल्हाळ वाटली, त्यांतच बहुधा सगळा तपास उरकलेला आहे.

आपल्याकडे माणूस गेला की ‘कधी नेणार?’ हा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी सारे आटोपते. आयर्लंडच्या ग्रामीण भागात दफन साधारणपणे दोन-तीन दिवसांनी होते आणि तोवर पार्थिव घरी, बहुधा उघड्या शवपेटीत, ठेवण्याची प्रथा अजून टिकून आहे. यालाच ‘वेक’ म्हणतात. खुनाच्या प्रकरणात शवविच्छेदन आधी होते, एवढाच फरक. निधनाची वार्ता स्थानिक रेडिओवर वाचून दाखवली जात असल्याने कोणाला वेगळे कळवावे लागत नाही. सारा गाव येतो, घरच्यांचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलतो आणि मग चहा-सँडविचसाठी स्वयंपाकघरात रेंगाळतो. खुनी आला नाही तर लोकांच्या डोळ्यांवर येते, आणि आला तर त्याला सर्वांसमक्ष मृताच्या उशाशी उभे राहावे लागते. जुन्या रीतीप्रमाणे मृत्यूच्या वेळीच घरातले घड्याळ बंद करतात आणि आरसे झाकतात. आता असे समजा, की घड्याळ सव्वानऊला थांबवलेले आहे, ते आपणच थांबवले असे भाचा शेजाऱ्यांना सांगत आहे, आणि पोलिसांना मात्र त्याने आपण दहानंतर पोहोचलो असे सांगितले आहे. दुकानवाली बाई कप गोळा करता करता हे हेरते. शहरातून आलेल्या अधिकाऱ्याला ते घड्याळ नुसते बंद पडलेले वाटते. चांगल्या लेखकाचा धागा असा त्या गावच्या रीतीतून निघतो. तो कोणत्याही गावात चालला असता असे वाटले, तर मात्र आपल्या गटाची तक्रार रास्त मानावी लागेल.

बंदुकीबाबत लेखकाने काहीही सोयीस्कर कल्पिलेले नाही. ब्रिटिश अमदानीतील तेथील पोलीस दल सशस्त्र होते आणि लोकांच्या रोषास पात्र झाले होते. म्हणून 1922 मध्ये नव्या राज्याने ‘गार्डा’ हे दल उभारले, तेव्हा ते निःशस्त्र ठेवण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतला गेला. गणवेशातील शिपाई आजही बंदूक बाळगत नाहीत. गुप्तहेर विभाग आणि विशेष पथके बाळगतात. त्यात 2013 मध्ये काटकसरीपायी सुमारे शंभर पोलीस ठाणी, बहुतांशी खेड्यांतली, बंद झाली. ज्या गावाला आता हवालदारसुद्धा उरलेला नाही, तेथे दुकानवाल्या बाईने नाक खुपसणे ओघानेच येते.

प्रश्न : या कादंबऱ्यांत खुनाचे कारण बहुधा जमीनच का असते? एवढ्याशा कुरणासाठी सख्खे नातलग जिवावर उठतील हे पटत नाही.
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या तहसील कचेरीत दिवसभर बसून पाहिल्यास पटेल. आयर्लंडमध्ये शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारांची कुळे होती. 1845 ते 1852 या काळातील बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि जवळपास तितकीच देशोधडीला लागली. पुढे 1879 पासून जमिनीसाठी मोठे आंदोलन झाले, आणि विशेषतः 1903 च्या कायद्यानंतर सरकारी कर्ज काढून कुळांनी आपापल्या जमिनी विकत घेतल्या. इतक्या सायासाने मिळालेल्या जमिनीचे तुकडे पाडायचे नाहीत, ती एकाच मुलाच्या नावे करायची आणि बाकीच्यांनी इंग्लंड-अमेरिकेची वाट धरायची, असा रिवाज रूढ झाला. त्यामुळे पन्नाशी उलटली तरी आईच्या होकाराअभावी लग्न न झालेला थोरला, बोस्टनहून अचानक परतलेला धाकटा आणि दोन शेतांमधली वहिवाटीची वाट एवढे भांडवल लेखकाला पुरते.

प्रश्न : निनावी पत्र भलत्याच घरी पोहोचते, हा योगायोग ताणलेला नाही का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : कादंबरी 2015 च्या आधी घडत असेल तर नाही. त्या वर्षी प्रत्येक घराला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक मिळाला. तोवर ग्रामीण भागातील असंख्य घरांचा पत्ता म्हणजे आडनाव आणि वाडीचे नाव, आणि एका वाडीत एकाच आडनावाची चार घरे. नवा पोस्टमन आला की घोटाळा ठरलेला.

प्रश्न : अशी कादंबरी बेलापूर किंवा दिवाळे गावठाणात घडवून लिहावी असा विचार आहे. आपल्याकडे हौशी माणसाला खुनाच्या तपासात शिरकाव कसा मिळणार?
— एक नवोदित लेखिका, बेलापूर, नवी मुंबई

उत्तर : कायद्यानेच मिळवून दिलेला आहे. संशयास्पद मृत्यूच्या वेळी पोलिसांनी परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करावा, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 मध्ये होती आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्ये आहे. आपली नायिका निवृत्त शिक्षिका असू द्या. ती पंच म्हणून बोलावली जाईल, प्रेतावरच्या जखमांचे वर्णन स्वतः ऐकेल आणि सही करण्यापूर्वी कागद वाचण्याचा हट्ट धरेल. हेतूसाठी, सिडकोने संपादित जमिनीच्या मोबदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून फुटलेले घर आपल्या डोळ्यांसमोर आहेच. आयरिश वेकची नक्कल मात्र करू नये, कारण दहाव्याचा दिवस आपल्याला आयता मिळालेला आहे. पिंडाला कावळा शिवत नाही, भाऊबंद ताटकळतात, एकेक जण पुढे होऊन मृताची राहिलेली इच्छा पुरी करण्याचे वचन मोठ्याने देऊ लागतो. अशा वेळी एखाद्या पुतण्याने ‘काका, तो कागद मी परत करीन’ असे म्हणावे, आणि कागद हरवल्याचे घरात तोवर कोणालाच ठाऊक नसावे.