ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला, तरी कसारा घाटात गाडी ओढत नाही. आता काय बघावं?

पी०४२० कोड आला, गॅरेजमध्ये मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, पंधरा दिवसांत चेक इंजिनचा दिवा परत पेटला आणि मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरवरही रडत चढली, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून आता आणखी एक सेन्सर घेऊ नका. हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधल्या धूर साफ करणाऱ्या डब्याचं, काम नीट होत नाही असं सांगतो. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक सेन्सर असतो; मागचा सेन्सर फक्त ते कळवतो.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. अंबडच्या एका सायलेन्सरवाल्या मिस्त्रींनी कन्व्हर्टर उतरवून आत टॉर्च मारली. मधाच्या पोळ्यासारखी जाळी एका बाजूने वितळून पार गोळा झाली होती. धुराला बाहेर पडायला वाटच नाही, मग इंजिन नवी हवा घेणार कुठून? सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही, घाटात लगेच कळतं.

पण आधी लीक बघा. सकाळी गाडी थंड असताना चालू करून सायलेन्सरच्या जोडांवर काजळीचा काळा डाग दिसतो का, टिकटिक आवाज येतो का ते पाहा. तिथून हवा आत ओढली गेली तर सेन्सरचं रीडिंग चुकतं. मग स्कॅनर (कोड आणि सेन्सरची रीडिंग दाखवणारं यंत्र) लावा. इंजिन गरम झाल्यावर पुढच्या साध्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखा खालीवर व्हायला हवा, मागचा ०.६-०.७ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर. मागचाही तसाच नाचत असेल आणि लीक नसेल, तर कन्व्हर्टर गेला.

चोक झालाय का हे पक्कं करायला इंजिन थंड असताना पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायला सांगा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेलं, तर वाट बंद आहे. कमी आलं तर गाडीतल्या इंधन पंपाचं प्रेशर आणि फिल्टर तपासा.

आणि नवा कन्व्हर्टर टाकण्याआधी जुना का जळला ते शोधाच. माझ्याकडे एक इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) मधूनमधून मिस करत होती. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत होतं. मी तिकडे महिनाभर दुर्लक्ष केलं. प्लग आणि कॉइल आधी तपासून घ्या, नाहीतर नवा कन्व्हर्टरही तसाच वितळेल.